मामाची सॅक, भाचीची पाठ

मुलांनो,

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आपल्याकडे येणाऱ्या पत्रांत डोंगर डोकावू लागतात. कुणी विचारतं, गडावर जाताना काय न्यावं? कुणी विचारतं, बूट कुठले घ्यावेत? या वेळी मात्र एक पत्र जरा वेगळं आलं. आठवीतल्या एका मैत्रिणीचं आहे. नाव सांगत नाही, कारण तिनेच तसं बजावलंय.

तिच्या शाळेची मुलं दोन दिवसांच्या राजमाची ट्रेकला जाणार आहेत. लोणावळ्याहून चालत सुमारे १५ किलोमीटर, रात्री गडाखालच्या उधेवाडीत मुक्काम, दुसऱ्या दिवशी श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले बघून परत. हिच्याकडे सॅक नव्हती. मामाने स्वतःची जुनी सॅक दिली. मोठी, निळी, आतून पांढरा भुगा पडणारी. हिने ती घरात पाठीवर चढवली, रिकामीच. मस्त वाटली! मग त्यात पुस्तकं भरून गल्लीच्या टोकापर्यंत गेली, तर सॅक मागे ओढू लागली, खांदे दुखायला लागले आणि कंबरेचा पट्टा घसरून पार खाली आला.

पुढे ती लिहिते, “बाबा म्हणतात, उचल घेऊन नवी आणू. पण मागच्याच महिन्यात त्यांनी आजीच्या औषधांसाठी उचल घेतली होती. मी ठरवलंय, त्या दिवशी पोट दुखतंय म्हणून सांगायचं आणि जायचंच नाही.”

छे, छे! पोट दुखवायची एवढी घाई नको. पत्रासोबत तिने सॅकचं चित्र पाठवलंय, अगदी बारकाईने काढलेलं. त्या चित्रामुळेच मला आजचा विषय मिळाला. चला, आपण सगळे मिळून ही सॅक ‘वाचू’ या. तुमच्याही माळ्यावर ताई-दादाची, काकाची, नाहीतर जुन्या बाजारातून आणलेली एखादी सॅक असेलच. ती घेऊन बसा. सोबत शिंप्याकडे असते तशी मोजपट्टी हवी.

वजन उचलतं कोण?

आधी एक गंमत करून बघा. पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली छातीशी धरून उभे राहा. तिचं वजन एक किलोच्या थोडं वर भरेल. आता तीच बाटली हात लांब करून समोर धरा. दहा आकडे मोजेपर्यंत हात थरथरू लागेल. बाटली तीच, वजन तेच. मग जड का झाली? कारण ती अंगापासून लांब गेली. वजन शरीरापासून जितकं दूर, तितकं ते जास्त ओढतं. पाठीवरच्या सॅकचंही असंच असतं. म्हणून जड वस्तू नेहमी पाठीला चिकटून ठेवायच्या.

दुसरी गोष्ट खांद्यांची. खांद्यावर वजन फार वेळ टिकत नाही. शरीरात वजन पेलायला मजबूत जागा म्हणजे कंबरेची हाडं आणि त्याखालचे पाय. म्हणूनच चांगल्या सॅकला जाड कंबरपट्टा असतो. तो शोभेसाठी नसतो. नीट बसवला तर बराचसा भार तोच घेतो आणि खांद्यांचे पट्टे सॅक मागे पडू नये एवढंच काम करतात.

ओझं अंगावर नीट बसवायची ही खटपट फार जुनी आहे. डोक्यावर हंडा ठेवण्याआधी आपल्याकडच्या बाया चुंबळ ठेवतात, ती कशासाठी? भार एका जागी टोचू नये, पसरावा म्हणून. नेपाळमधले भारवाहक डोको नावाची टोपली पाठीवर घेतात आणि तिचा पट्टा, नाम्लो, डोक्याच्या पुढच्या भागावरून घेतात. १९९१ साली आल्प्स पर्वतात बर्फात एका माणसाचा सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा देह सापडला. त्याला ‘ओट्झी’ म्हणतात. त्याच्या सामानात इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी वाकवलेली एक काठी आणि लाकडी फळ्या होत्या. ती पाठीवरच्या ओझ्याची चौकट असावी, असं अभ्यासकांना वाटतं.

नॉर्वेच्या ओले बर्गन यांना शिकारीहून येताना पाठीवरच्या पिशवीचा त्रास झाला. त्यांनी झाडाची फांदी पाठीच्या आकारात वाकवून पिशवीला बसवली आणि १९०९ साली अशा चौकटीच्या सॅकचं पेटंट घेतलं. अमेरिकेत १९५२ पासून डिक केल्टी अॅल्युमिनियमची हलकी चौकट आणि कंबरपट्टा असलेल्या सॅक बनवून विकू लागले. कापड शिवायच्या त्यांच्या पत्नी नेना. चौकट सॅकच्या आत लपवली ती ग्रेग लो यांनी, १९६७ साली. मामाची सॅक याच कुळातली. तिच्या पाठीवरून हात फिरवला तर आतल्या दोन उभ्या पट्ट्या हाताला लागतात.

आधी मोजा आपली पाठ

सॅक घेताना सगळे विचारतात, “किती लिटरची?” खरा प्रश्न असतो, “किती लांब पाठीची?” तुमची उंची नव्हे हं! दोन मुलं सारख्याच उंचीची असली तरी एकाचे पाय लांब असतात, दुसऱ्याची पाठ.

मोजायचं असं. मान खाली घाला. मानेच्या मुळाशी एक हाड वर येतं, हाताला चटकन लागतं. तिथून सुरुवात. आता दोन्ही हात कंबरेवर ठेवा, अंगठे मागे. हाताखाली जी हाडाची कड लागते, ती कंबरेच्या हाडाची वरची बाजू. दोन्ही अंगठ्यांना जोडणारी रेघ पाठीच्या कण्याला जिथे छेदते, तिथे शेवट. या दोन जागांमधलं अंतर आई किंवा भावाला मोजपट्टीने मोजायला सांगा. पट्टी पाठीच्या वळणावरून जाऊ द्या, ताणू नका.

मग सॅक मोजा. खांद्याचे पट्टे जिथे सॅकला जोडलेले आहेत, तिथपासून कंबरपट्ट्याच्या मध्यापर्यंत.

आपल्या मैत्रिणीने दोन्ही मापं न सांगताच पाठवली आहेत, शाबास! तिची पाठ ३९ सेंटिमीटर. सॅकची पाठ ४७ सेंटिमीटर. फरक ८ सेंटिमीटरचा. म्हणजेच खांद्याचे पट्टे जागेवर बसले की कंबरपट्टा ८ सेंटिमीटर खाली लोंबणार. तो हाडावर टेकतच नाही, मग सगळा भार खांद्यांवर. दोष तिच्या खांद्यांचा नाही आणि सॅकचाही नाही. सॅक मामाच्या मापाची आहे, एवढंच.

शोभेच्या पट्ट्या?

आता तिच्या चित्राकडे बघू. सॅकच्या पाठीकडच्या बाजूवर, मधोमध, तिने पाच आडव्या पट्ट्या काढल्यात, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. शेजारी लिहिलंय, “या शोभेच्या आहेत.”

मुलांनो, त्या शोभेच्या नाहीत! ती खरोखरच शिडी आहे. खांद्याचे दोन्ही पट्टे जिथे एकत्र येतात, तो जाड तुकडा त्या शिडीच्या एका पायरीत ओवलेला असतो आणि वेल्क्रोने चिकटवलेला असतो. तो काढून खालच्या पायरीत ओवता येतो. मामा उंच, म्हणून त्याने तो सगळ्यांत वरच्या पायरीत ठेवला आणि नंतर कधी हलवायची वेळच आली नाही.

तिच्या चित्रात दोन पायऱ्यांमधलं अंतर ४ सेंटिमीटर आहे. करा हिशोब. दोन पायऱ्या खाली, म्हणजे ८ सेंटिमीटर. ४७ वजा ८, बरोबर ३९! गणित इतकं छान क्वचितच सुटतं. तुमचं एखादा सेंटिमीटर इकडेतिकडे झालं तरी चालतं.

जुना वेल्क्रो मात्र हट्टी असतो. ओढून फाडू नका. पाठीची गादी आणि तो तुकडा यांच्या मध्ये स्टीलची फूटपट्टी हळूच सरकवा. वेल्क्रोचे आकडे सुटतात. मग तुकडा बाहेर काढा, खालच्या पायरीत ओवा आणि फूटपट्टी काढून घ्या, की तो पुन्हा चिकटेल. दोन्ही बाजू सारख्या आहेत ना, ते बघायला विसरू नका.

सगळ्याच सॅकना शिडी नसते. काहींच्या पट्ट्याला फक्त बक्कल असतं, ते वर-खाली सरकतं. काहींना काहीच नसतं, पट्टे पक्के शिवलेले असतात. अशी सॅक तुमच्या पाठीपेक्षा बरीच लांब असेल, तर ती तुमच्यासाठी नाही. कापून-शिवून लहान करू गेलात तर नेमका भार घेणारा सांधा कच्चा होतो. ती सॅक घरातल्या उंच माणसाला द्या आणि आपण दुसरी शोधू.

सॅकची तपासणी

पाठ जमली, आता तब्येत. क्रमाने बघा.

*शिवण.* खांद्याचे पट्टे वर आणि खाली जिथे जोडले आहेत, तिथे चौकोनात फुली मारल्यासारखी शिवण असते. दोरे तुटलेत का? पट्टा धरून जोरात ओढा. ‘टर्र’ असा आवाज आला तर थांबा. ही शिवण घरच्या सुईने घालू नका. चपला शिवणाऱ्या काकांकडे जा. त्यांच्या दाभणाला आणि मेण लावलेल्या दोऱ्याला जोड नाही.

*कापड.* दोन नखांत थोडं कापड धरून ताणा. उन्हात वर्षानुवर्षं पडून राहिलेलं नायलॉन कुजक्या कापडासारखं फाटतं. तसं झालं तर त्या सॅकला निरोप द्या.

*पांढरा भुगा.* मैत्रिणीला याचीच फार भीती वाटली. कापडाला आतून पाणी अडवणारा एक पातळ थर दिलेला असतो. दमट हवेत तो हळूहळू चिकट होतो, मग सुटतो. कोमट पाणी, थोडा साबण आणि मऊ ब्रशने तो घासून काढा. धुण्याच्या मशीनमध्ये सॅक घालू नका. सावलीत, उलटी टांगून पूर्ण वाळवा, नाहीतर कुबट वास येईल. आता सॅक पाणी अडवणार नाही, पण त्याला साधा उपाय आहे. आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घाला, सामान तिच्यात भरा आणि तोंड पिळून दुमडा. नवी कोरी सॅक असली तरी ट्रेकवाले पावसात हेच करतात.

*चेन.* अडकत असेल तर दातांवरून मेणबत्तीचा तुकडा फिरवा. चेन लागते पण मागून उघडत जाते, असं असेल तर रनर सैल झालेला असतो. पकडीने त्याच्या दोन्ही कडा अगदी हलक्या दाबा. जोर लावाल तर तो तुटेल, मग नवा बसवून घ्यावा लागेल.

*बक्कल.* तुटलं असेल तर नवं मिळतं, बॅगा दुरुस्त करणाऱ्या दुकानात. जाताना पट्ट्याची रुंदी मोजून न्या. २०, २५ की ३८ मिलिमीटर, ते नीट बघा. पट्टा कापावा लागला तर कापलेल्या टोकाचे धागे सुटू लागतात. मोठ्या माणसाने ते टोक मेणबत्तीच्या ज्योतीजवळ क्षणभर धरलं की कड वितळून बसते. वितळलेलं नायलॉन बोटाला चिकटून भाजतं, म्हणून हे काम मोठ्यांचंच.

कंबर बारीक, पट्टा मोठा

मामाचा कंबरपट्टा पूर्ण आवळला तरी भाचीला सैलच होणार. यावर उपाय घरातच आहे. अंथरायच्या फोमच्या जुन्या चटईतून दोन तुकडे कापा, साधारण तळहाताएवढे रुंद आणि त्याहून थोडे लांब. जुन्या जाड सुती कापडाच्या दोन खोळी शिवून त्यात ते घाला. या खोळी कंबरपट्ट्याच्या आतल्या बाजूला, डाव्या-उजव्या हाडावर येतील अशा पक्क्या टाचा. पट्टा घट्ट बसेल आणि टोचणारही नाही. हीच आपली चुंबळ! एवढं करूनही पट्टा सैल राहिला, तर मात्र ती सॅक अजून तुमच्यासाठी मोठी आहे, असं समजा.

पट्ट्यांची लोंबणारी टोकं गुंडाळून रबराने बांधून टाका. झुडपात, दगडात तीच अडकतात. कापून मात्र टाकू नका. वाढत्या वयाला ती पुन्हा लागतील.

चढवायची कशी?

याला क्रम आहे. आधी सगळे पट्टे सैल करा. सॅक पाठीवर घ्या. पहिल्यांदा कंबरपट्टा हाडाच्या कडेवर बसवून आवळा. मग खांद्याचे पट्टे ओढा. मग खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे ते छोटे पट्टे, ज्यांच्याजवळ मैत्रिणीने “हे कशाला?” असं लिहिलंय. ते ओढले की सॅकचा माथा पाठीकडे येतो आणि मागे ओढलं जाणं थांबतं. गल्लीत तिची सॅक मागे का जात होती, कळलं ना? सगळ्यांत शेवटी छातीचा पट्टा. मोठा श्वास घेता यायला हवा, इतपतच आवळा.

आता अंगठे खांद्याच्या पट्ट्यांखाली घालून बघा. सहज जातात? मग भार कंबरेवर आला.

बेरीज चुकवू नका

मोठ्या सॅकचा एक मोठा धोका आहे. रिकामी जागा दिसली की ती भरावीशी वाटते! दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, असं केंद्र सरकारचं २०२० चं दप्तर धोरण सांगतं. दोन दिवसांच्या ट्रेकला, कंबरपट्टा नीट बसत असेल तर, आपण १५ टक्के ही शेवटची रेघ धरू. त्याच्या वर एक ग्रॅमही नाही.

मैत्रिणीचं वजन ३८ किलो. त्याचे १५ टक्के म्हणजे ५ किलो ७०० ग्रॅम. रिकामी सॅक १ किलो ८०० ग्रॅम. दोन लिटर पाणी, २ किलो. झाले ३ किलो ८००. उरले फक्त १ किलो ९०० ग्रॅम! त्यात पातळ चादर ६००, कपडे ५००, खाऊ ३५०, विंडचीटर ३००, बॅटरी आणि औषधं मिळून १५०. बघा, भरलं माप. आता त्यात पत्त्यांचे तीन कॅट आणि फरसाणाचा मोठा डबा बसतो का, तुम्हीच सांगा.

प्रत्येक वस्तू किराणा दुकानातल्या काट्यावर नाहीतर रद्दीवाल्याच्या काट्यावर तोलून कागदावर लिहा. भरताना चादर तळाशी, पाणी आणि खाऊ पाठीला लागून मध्ये, कपडे बाहेरच्या बाजूला आणि विंडचीटर सगळ्यांत वर, लगेच हाती लागेल असं.

आणि निघण्यापूर्वी निदान तीन दिवस सराव हवा. पहिल्या दिवशी अर्धं सामान घेऊन अर्धा तास, दुसऱ्या दिवशी पूर्ण सामान घेऊन अर्धा तास, तिसऱ्या दिवशी पूर्ण सामान घेऊन एक तास. मुंग्या आल्या, मान किंवा पाठ दुखली, तर पट्टे पुन्हा बसवा. तरीही दुखलं तर सामान कमी करा. तरीही दुखलं तर ती सॅक न्यायची नाही. नेहमीच्या दप्तरात पाणी, खाऊ आणि विंडचीटर घ्या, बाकीचं सामान दोघीतिघींनी वाटून घ्या. दप्तर घेऊनही राजमाची दिसतोच.

आता थोडं पालकांशी

मुलं वापरलेली वस्तू घ्यायला लाजतात. ती लाज बहुतेक वेळा वस्तूची नसते, ती मापात बसत नाही आणि चारचौघांत आपण अवघडून दिसतो, त्याची असते. तेव्हा “मुकाट्याने वापर, आमच्या वेळी हेही नव्हतं” असं म्हणण्याआधी अर्धा तास मोजपट्टी घेऊन त्यांच्यासोबत बसा. दाभण, मेणबत्ती आणि पकडीची कामं तुम्ही करा, मोजणं आणि ठरवणं त्यांना करू द्या. आणि तुम्हाला न सांगता एखादं मूल घरातल्या पैशांचा हिशोब मांडत असेल, तर त्याच्याशी मोकळेपणाने बोला. काय परवडतं आणि काय नाही, हे त्यांना कळतं. काळजी त्यांनी एकट्यानेच करू नये, एवढं आपण बघायचं.

मैत्रिणी, तुझ्यासाठी दोन ओळी. हे पान आधी बाबांना दाखव, मग सॅकची शिडी दाखव. उचल घ्यायची गरज आहे का, ते दोघं मिळून ठरवा. आणि मामाला एक पत्र टाक. इतकी वर्षं पाठीवर वागवलेल्या शिडीबद्दल त्याला कुणीतरी सांगायला हवं!

बाकीच्यांना या आठवड्याचं काम : घरातली कुठलीही सॅक किंवा दप्तर घ्या, त्याचं चित्र काढा आणि प्रत्येक पट्ट्याशेजारी त्याचं काम लिहा. ज्याचं काम कळणार नाही, तिथे “शोभेचं” असं लिहू नका. प्रश्नचिन्ह काढून मला पाठवा. आपण मिळून शोधू.

तुमच्या,
बाई